मोंबासाच्या विहिरीवर चंदनाआक्का

बेडकीहाळच्या चंदनाआक्काला कुणी "आफ्रिका कशी हाय गं?" म्हणून विचारलं, की ती आधी विचारणाऱ्याला नीट न्याहाळते. नुसती सिंह-हत्तींची हौस असलेला दिसला, तर "आमच्या जावयाला इचारा, मला काय ठाऊक न्हाय," म्हणून मोकळी होते. खरंच ऐकणारा भेटला, तर गॅस बंद करून, पदर सावरून बसते आणि मोंबासा शहराची गोष्ट पाण्यापासनं सुरू करते. लोक हसतात. समुद्रात बसलेलं गाव, तिथं पाण्याचं काय मेलं सांगायचं? पण आक्काला त्या गावाची ओळख झाली ती पाण्यामुळंच, आणि पाण्यापायीच तिथं तिचा जीव टांगणीला लागला होता.

आक्काचा नेम आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्यायचं, हे आमच्या निपाणी-चिकोडी भागात जैनांच्या घरोघरी चालतं. आक्का त्याच्यापुढं एक पाऊल. पाणी गाळलं की फडक्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते फडकं उलटं करायचं, गाळलेलंच थोडं पाणी त्यावर ओतून ते जीव एका भांड्यात उतरवायचे, आणि जिथलं पाणी तिथंच परत नेऊन सोडायचे. ह्याला जिवाणी म्हणतात. विहिरीतलं पाणी असेल तर जिवाणी वरून भसकन ओतायची नाही. बुडाला कडी असलेली एक छोटी बादली असते. ती पाण्यापर्यंत खाली सोडायची आणि कडीला बांधलेली दुसरी दोरी ओढून हळूच कलती करायची. लग्नाआधी एका चातुर्मासात आक्कानं मुनिमहाराजांसमोर नेम घेतला, की जिवाणी मूळ जागी गेल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही. तेव्हापासून कुणाच्या लग्नाला गेली, तरी घरी येईपर्यंत बाई कोरडी.

तिचे मालक बाळगोंडा पाटील म्हणजे एक नंबरचा चेष्टेखोर माणूस. चारचौघांत म्हणायचे, "आमच्या घरात माणसांपरीस किड्यांचा मान मोठा. त्यास्नी घराकडं पोचवाय ही रोज मळ्यातल्या विहिरीवर जाती, आणि मला आजपातूर एकदा बी स्टँडवर सोडाय आली न्हाय!"

"किडं नीट वागत्यात," आक्का म्हणायची. "तुमच्यासारखं बडबडत न्हाईत."

तर अशा ह्या आक्काची लेक निशा, आणि जावई श्रेयांस. तो बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कारखान्यात होता, तिथनं उचलला तो थेट केनियात, मोंबासा बंदरातल्या क्रेन दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत गेला. निशाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर आपल्याकडची रीत. आक्कानं खारीक, सुंठ, हाळीव सगळं भरून ठेवलं, खोली सारवावी तशी पुसून घेतली. आणि मग फोन आला की निशाचं ब्लडप्रेशर वाढलंय, डॉक्टर विमानात बसू देत नाहीत.  तिसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, "लेकीला माहेराला येता येईना, तर माहेरानं लेकीकडं जायाचं."

"जा की," बाळगोंडा म्हणाले. "पण पाणी कुठलं पिणार? समुद्र गाळणार काय?"

"बघू तिथं गेल्यावर."

"आणि न्हायच जमलं तर?"

"न्हाय जमलं तर नारळाचं पाणी पिऊन ऱ्हाईन. नेम मोडायची न्हाय." हे तिनं असं सांगितलं, की बाळगोंडांनी चेष्टा आवरती घेतली.

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर मशीनमध्ये ती कडीची बादली दिसली आणि पोलीसबाईनं पिशवी उघडायला लावली. आक्कानं कानडीत तिला जिवाणीची सगळी रीत समजावली. मागं रांग खोळंबली. शेवटी ती पोलीसबाईच म्हणाली, अहो आक्का, पुरे झालं, पुण्य तुम्हाला लागू दे, पुढं चला. मोंबासात पोचेपर्यंत आक्का निर्जळ होती. श्रेयांसनं विमानतळाबाहेर शहाळं फोडून दिलं, ते उभ्या उभ्या संपवलं, आणि मग पहिल्यांदा मान वर करून गाव बघितलं.

गाव म्हणजे बेट आहे. चारी अंगांनी पाणी, आत गर्दी. एका बाजूला बंदर, तिथं श्रेयांसच्या क्रेन लांब मानेनं मालाचे लोखंडी डबे उचलून जहाजातनं काढतात. दक्षिणेकडं जायला पूल नाही, फेरीबोट आहे, आणि त्या बोटीत माणसं, ट्रक, सायकली, कोंबड्या सगळे एकदम चढतात. निशाचं घर जुन्या गावात, दुसऱ्या मजल्यावर. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या बाईनं भाजी परतली तर फोडणीचा ठसका आपल्याला लागावा. प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, त्यांना कोरीव नक्षीचे जाडजूड दरवाजे. खाली बुरख्यातल्या बाया मोगऱ्याचे गजरे विकत बसलेल्या. भरतीला समुद्र भिंतीला टेकतो आणि ओहोटीला इतका लांब जातो, की कुणी पळवून नेला असं वाटावं.

आक्काला गाव आवडलं, हे तिनं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. एक तर तिथला दिवस बारा महिने जवळजवळ सारखाच. सूर्य ठरल्या वेळेला बुडतो, त्यामुळं सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या माणसाला घड्याळच बघायला नको. दुसरं म्हणजे तिथली पोरं. जिन्यात भेटलेलं कुठलंही पोरगं वडीलधाऱ्याला "शिकामू" म्हणतं, म्हणजे पाया पडतो, आणि आपण "मारहबा" म्हणायचं. "वळणाची पोरं हायत," असा तिनं फोनवर निकाल दिला. गुजराती लोकांचं संगमरवरी देरासर, म्हणजे जैन मंदिर आहे, तिथंही ती जाऊन आली. मूर्तीला लावलेले डोळे बघून जरा बिचकली, आमच्याकडं तशी रीत नाही, पण हात जोडले. फसणार होती ती एकदाच. श्रेयांसनं रस्त्यावरच्या कुरकुरीत चकत्या आणल्या, लिंबू-तिखट लावलेल्या. तोंडाशी नेता नेता तिनं विचारलं, "हे कशाचं हाय?" कसावा म्हणून जमिनीखालचा कंद असतो, असं कळल्यावर कंदमुळं न खाणाऱ्या आक्काकडनं पुडी जावयाच्याच हातात परत गेली.

पण पाण्याचं काय? नळ आठवड्यातनं एक-दोनदा यायचा. "नळाचं पाणी कुठनं येतंय हो?" असं तिनं श्रेयांसला विचारलं.

"लई लांबनं, मामी. आत जंगलात झरा हाय, तिथनं पाईप टाकलाय."

"मग जिवाणी सोडायला तिथं जाऊन यायला लागंल."

"तिथं सिंह हायत," श्रेयांस गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. आक्का शहाळ्यावरच राहिली.

आणि मग तिचं लक्ष हमिसीकडं गेलं. साठी उलटलेला, काटक, डोक्याला पांढरी नक्षीची टोपी. हातगाडीवर पिवळे प्लॅस्टिकचे डबे भरून तो गल्लीत पाणी विकायचा, आणि निशाकडं रोज दोन डबे जिना चढून आणून द्यायचा. त्याचं पाणी कुठलं, तर त्याच गावातल्या विहिरीचं. विहीर! आक्काचा चेहरा फुलला. दुसऱ्या दिवशी हमिसी डबे ठेवून निघाला, तशी तिनं घाईघाईनं पाणी गाळलं, जिवाणी बादलीत उतरवली आणि बादली घेऊन गाडीच्या मागोमाग चालायला लागली. दोन गल्ल्या, एक बोळ, मग मोकळं अंगण. मधोमध दगडी कठड्याची विहीर, आणि वर चक्क कडुनिंबाचं झाड. आक्काला भरून आलं. आपल्या मळ्यातच आलो म्हणायचं की हे! तिनं दोरी सोडली, बादली पाण्याला टेकवली, कलती केली, आणि घरी येऊन घोटभर पाणी प्याली. "गंगा मिळाली," असं बाळगोंडांना कळवलं.

मग रोजचंच झालं. पुढं हमिसीची गाडी, मागं बादलीवाली आक्का. विहिरीवरच्या बाया बघायच्या, आपसात काहीतरी बोलायच्या. आक्का हसायची, त्याही हसायच्या. भाषा येत नव्हती, त्यामुळं हसण्यावर काम भागत होतं. मधल्या काळात निशा सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. आक्का न्हाऊ-माखू घालण्यात बुडाली, तरी विहिरीची फेरी चुकली नाही. पोरीचं नाव अजून ठरायचं होतं.

आणि एका सकाळी हमिसी आलाच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. निशानं पाण्याच्या बाटल्या मागवल्या, आक्का परत शहाळ्यावर. "आजारी असंल गं," म्हणाली. पण आक्काला गाडी दिसली होती. खालच्या चौकात ती भिंतीला टेकवलेली होती, डबे रिकामे, आणि हमिसी तिच्या दांड्यावर बसलेला. आक्कानं गॅलरीतनं हात केला, तर त्यानं तोंड फिरवलं.

शेजारी रशिदाबेन म्हणून बोहरी बाई राहायच्या. तीन पिढ्या मोंबासात गेलेल्या, गुजराती, हिंदी, स्वाहिली सगळं यायचं. आक्कानं त्यांना गाठलं. रशिदाबेन आधी टाळाटाळ करत होत्या. मग म्हणाल्या, "चंदनाबेन, बुरा मत मानना. पण गल्लीत बोललं जातंय की हमिसीच्या डब्यांत घाण आहे, विहिरीचं पाणी त्यात नासतं. म्हणून तर ती इंडियाची म्हातारी रोज त्याच्या मागनं चालते. त्याचं पाणी गाळून, त्यातनं निघालेलं बादलीत घालून विहिरीवर आणते, सगळ्यांना दाखवायला. त्यातच मागल्या बोळातल्या दोन मुलांना जुलाब झाले. मग काय, लोकांनी त्याचं पाणी बंद केलं."

 आक्का जिन्यातच बसली.

"अगं आई गं," ती म्हणाली. "मी त्या माणसाच्या पोटावर पाय दिला की."

श्रेयांस संध्याकाळी आला, त्यानं ऐकून घेतलं. "मामी, तुमी मनाला लावून घेऊ नका. पाणीवालं ढिगानं हायत, उद्या दुसरा बघतो," म्हणाला. चांगला माणूस आहे तो, पण आक्काला त्या क्षणी त्याचा राग आला. दुसरा पाणीवाला बघायचा, म्हणजे हमिसीनं काय करायचं? त्या वयात कुठली नवी गाडी ओढायची? रात्रभर तिला एकच गोष्ट टोचत होती. डोळ्यांना दिसत नाहीत अशा जिवांना जपता जपता, डोळ्यांसमोर रोज जिना चढणारा एक जीव तिला दिसलाच नव्हता. धाप लागलेली असताना त्याला कधी "बस रं बाबा" म्हटलं नव्हतं. त्याचं पाणी घेतलं, गाळलं, आणि मागनं चालत गेली, चोराच्या मागं पोलीस जावा तशी. कुणाला काय वाटंल, हा विचार मनाला शिवलाही नाही. स्वतःचाच तिला संताप आला.

सकाळी बाळाचं न्हाणं उरकलं आणि तिनं रशिदाबेनना बरोबर घेतलं. "मी त्याला सगळी रीत सांगती. तुमी फकस्त त्याच्या भाषेत घाला."

हमिसी विहिरीवरच होता. गाडी रिकामी, स्वतः कडुनिंबाखाली. आजूबाजूला बाया पाणी ओढत होत्या. आक्का गेली ती सरळ त्याच्यासमोर जमिनीवर बसली. बाया बघायला लागल्या. आक्कानं सांगितलं, रशिदाबेननी स्वाहिलीत घातलं: तुझं पाणी वाईट म्हणून नाही, पाण्यात बारीक जीव असतात, त्यांचं घर ही विहीर, म्हणून त्यांना घरी सोडायला येत होते. मी तुझ्या मागनं येत होते, कारण मला विहिरीची वाट ठाऊक नव्हती, आणि नंतर सवय झाली. माझी चूक झाली.

हमिसीनं शांतपणे ऐकलं. मध्ये एकदा त्यानं विहिरीकडं बघितलं, जणू त्या जिवांना बघतोय. मग हळू आवाजात बोलला.

"तो म्हणतोय, मला पटलं," रशिदाबेन म्हणाल्या. "चांगली रीत आहे, म्हणतो. पण मला पटून काय उपयोग? ह्या बायांना मी काय सांगू? ह्यांनी तर हेच बघितलंय, की तू माझं पाणी गाळल्याशिवाय कधी तोंडाला लावलं नाहीस."

"मग तुमी सांगा की ह्यास्नी," आक्का म्हणाली.

रशिदाबेननी सांगितलं. बायांनी ऐकलं, माना हलवल्या, दोघीचौघी हसल्या. पण कुणी हमिसीच्या गाडीकडं गेली नाही. एक धिप्पाड बाई, निळ्या लुगड्यासारखं फुलाफुलांचं कापड गुंडाळलेली, कंबरेवर हात ठेवून काहीतरी बोलली. रशिदाबेननी ते आक्काला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. बोलून बोलून कुणाची खात्री पटते का कधी?

आक्का उठली. हमिसीला खुणेनं म्हणाली, भर. त्याला कळलं नाही. तिनं स्वतः त्याचा पिवळा डबा उचलून कठड्यापाशी ठेवला. तेव्हा त्यानं पोहरा सोडला, पाणी ओढलं आणि डब्यात ओतलं. गाडीला साखळीनं बांधलेला एक जुना टिनाचा मग होता, त्याचा स्वतःचा. आक्कानं तो डब्यातनं भरून घेतला.

"आई!" मागनं आवाज आला. निशा. बाळाला शालीत गुंडाळून, दम लागलेली, आईच्या काळजीनं मागोमाग आलेली. "आई, काय करतीस? ते उकळल्याशिवाय कुणी पीत न्हाय गं इथं! आणि तुझा नेम?"

आक्काचा हात थांबला. खोटं कशाला सांगायचं, थांबलाच. लग्नाआधी घेतलेला नेम. सासरी नवी नवरी असताना, बाळंतपणात, तापात फणफणलेली असताना, सासू गेली त्या दिवशी, कधी म्हणून मोडला नव्हता. नेम म्हणजे तिच्याजवळची स्वतःची अशी एकच कमाई. बाकी सगळं सासरचं, मालकाचं, लेकरांचं. मगातल्या पाण्याकडं तिनं बघितलं. त्यातल्या न दिसणाऱ्या जिवांची तिनं मनातल्या मनात क्षमा मागितली. मग हमिसीकडं बघितलं. तो खाली मान घालून उभा होता.

आक्कानं तो टिनाचा मग तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं. परत भरला, आणि तोही प्याली. दुसरा मग कशाला, हे तिला अजून सांगता येत नाही. पहिला कुणी नीट बघितला नसेल, असं वाटलं असेल.

 मग ती धिप्पाड बाई पुढं आली, आक्काच्या हातातनं मग घेतला, भरला, स्वतः प्याली. तोंड वाकडंतिकडं केलं, सगळ्या हसल्या. तिनं हमिसीला दोन बोटं दाखवली आणि स्वतःच्या घराच्या वरच्या खिडकीकडं हात केला. दोन डबे, वरच्या मजल्यावर. हमिसी डबे भरायला लागला, पण त्याला दिसत नव्हतं नीट, पाणी कठड्यावर सांडत होतं. त्यानं टोपी काढून डोळे पुसले आणि परत भरायला लागला. आक्काकडं वळून तो एकच बोलला, "शिकामू." वयानं तो तिच्याहून मोठाच होता. आक्काला मारहबा म्हणवेना. तिनं नुसते हात जोडले.

दुपारी तिनं बेडकीहाळला फोन लावला. बाळगोंडांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न लपवता. शेवटी म्हणाली, "नेम मोडला हो माझा. माझ्याच हातानं मोडला. गावाकडं आल्यावर आर्यिका माताजींच्याकडनं प्रायश्चित्त घेती. दोन उपास सांगतील, चार सांगतील. करीन. पण मला पस्तावा हुईना झालाय, त्येचं काय करू?" आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला आलं.

  चेष्टा करतील आता, अशी तिनं मनाची तयारी केली होती. करू देत, म्हणाली मनात.

"चंदना," बाळगोंडा म्हणाले. चारचौघांत सोडा, घरातसुद्धा ते तिला कधी नावानं हाक मारत नसत.  "माताजी जितकं उपास सांगतील, त्यातलं निम्मं माझं. मला जमतंय का न्हाय ठाऊक न्हाय. जन्मात एक केला न्हाय. पण तू एकटीनं करायचं न्हाय."